हरकत मीच लिहिली होती

२०१२ साली मुंबई महापालिकेने वारसा इमारतींची नवी यादी हरकती-सूचनांसाठी जाहीर केली, तेव्हा शिवाजी पार्कच्या आमच्या गल्लीत विरोधाचं जे पत्र सह्यांसाठी फिरलं, त्याचा मसुदा माझा होता. भाडेकरूंच्या समितीची मी चिटणीस आणि शाळेत मराठी शिकवणारी, त्यामुळे ‘बाई, तुम्हीच लिहा’ हे ओघानेच आलं. पत्र चांगलं उतरलं होतं. कुठे आरडाओरड नाही, शेवटी ‘सबब’ घालून केलेली ठाम मागणी. आमच्या भागात वारशाचा विषय निघाला की मंडळी अजून त्या पत्राचा दाखला देतात. म्हणून सांगून टाकते, की ती भूमिका आता माझी राहिलेली नाही. पूर्ण उलटली आहे असंही नाही, आणि म्हणूनच हे जरा सविस्तर लिहावं लागतं आहे.

मुंबईत एखादी इमारत वारसा म्हणून ठरते कशी, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. विकास नियंत्रण नियमावलीतला ६७ क्रमांकाचा नियम १९९५ साली लागू झाला. आपल्या जुन्या इमारतींसाठी एखाद्या शहराने अशी नियमावली करण्याची ती देशातली पहिलीच वेळ. तोवर पुरातत्त्व खात्याकडे लेणी होती, किल्ले होते. ज्यांत माणसं राहतात, कचेऱ्या भरतात, खाली इराणी चहा विकतो, अशा इमारतींना वाली नव्हता. १९९५ च्या यादीत ६०० हून अधिक इमारती आणि परिसर आले. त्यांच्या श्रेणी ठरल्या: पहिली, दुसरी अ, दुसरी ब आणि तिसरी. पहिल्या श्रेणीतल्या इमारतीला जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत आतून फेरफार चालतील, तिसरीत बरंच काही चालेल. परवानगीचा अर्ज महापालिकेकडे करायचा आणि सल्ला वारसा संवर्धन समितीने द्यायचा. २०१२ च्या नव्या यादीत आणखी ९०० च्या आसपास नावं होती आणि त्यांत सुट्या इमारतींबरोबर दादर-माटुंग्याकडच्या अख्ख्या वसाहती होत्या. आम्ही तिसऱ्या श्रेणीत होतो.

गल्लीत मात्र आलं ते वेगळंच. खिडकीचं तावदान बदलायलाही मंत्रालयातून परवानगी आणावी लागणार. रंग लावायचा तर सरकार सांगेल तोच. बिल्डर पाठ फिरवणार आणि आपण या गळक्या भिंतींसकट म्हातारे होणार. खरं सांगायचं तर या अफवा मला अफवा वाटल्याच नाहीत, कारण त्या खऱ्या असाव्यात अशी माझी सोय होती. सासूबाई तिसऱ्या मजल्यावर अडकल्या होत्या. गुडघे गेलेले, लिफ्ट नाही आणि जिन्याच्या रुंदीत ती बसवायला जागाही नाही. डॉक्टरकडे न्यायचं तर दोन मुलगे खुर्चीला धरून उतरवत. इमारत १९३० च्या दशकातली, मालकाची, आम्ही सगळे पागडीवाले. भाडं किती ते सांगायची लाज वाटते. त्या भाड्यात मालक स्लॅबची दुरुस्ती करील ही अपेक्षाच हास्यास्पद होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली खरी, पण वाढायची कशावर, तर त्या गोठलेल्या आकड्यावर. मालकाला इमारत नकोशी, भाडेकरूला सोडवत नाही आणि दुरुस्ती मंडळाची डागडुजी म्हणजे टेकू लावून पुढच्या पावसाळ्यापर्यंत ढकलणं. अशा इमारतीतून बाहेर पडायची एकच वाट होती, ती म्हणजे पुनर्विकास: जुन्या भाडेकरूला फुकट नवं घर, बिल्डरला विक्रीसाठी जादा चटईक्षेत्र. ती वाट यादीमुळे बंद होईल या धास्तीने मी लेखणी उचलली.

पत्रातला मुख्य मुद्दा असा होता की आमच्या इमारतीत वास्तुकलेच्या दृष्टीने उल्लेखनीय असं काही नाही. एकही थोर पुरुष इथे जन्मला नाही, एकही ऐतिहासिक ठराव इथे झाला नाही. व्हीटी स्टेशनची गोष्ट वेगळी, आमच्या साध्या मध्यमवर्गीय बिल्डिंगांना वारसा म्हणणं हा त्या शब्दाचा अपमान आहे, असंही एक वाक्य होतं. त्याला सभेत टाळ्या पडल्या.

पुढे सुनावण्या सुरू झाल्या आणि यादी वर्षानुवर्षं त्यांतच अडकून पडली. मधल्या काळात इमारती एकेक करून बिल्डरकडे जात राहिल्या. आमचीही गेली. करार झाला, आम्ही भाड्याच्या जागेत गेलो, परत आलो. सासूबाई नव्या घरात लिफ्टने गेल्या आणि शेवटची वर्षं त्यांनी रोज संध्याकाळी मैदानात येऊन काढली. हे मी विसरत नाही आणि कोणी विसरायला सांगितलं तर ऐकणारही नाही. आज मी अकराव्या मजल्यावर बसून हे लिहिते आहे. वाचणाऱ्याने माझ्या मतांची किंमत करताना हा मजला जरूर हिशेबात धरावा.

मत बदलायला सुरुवात झाली ती इमारत पाडायच्या आधी, सामान बांधताना. नूतनीकरणाच्या नावाखाली आमच्या इमारतीत कधी काही झालंच नव्हतं, त्यामुळे सगळं मूळचं शिल्लक होतं. जिन्याचा कठडा सागवानी, वळणावर एकाच लाकडातून वळवलेला. पायऱ्यांच्या कडेला काळी पट्टी घातलेली मोझाइकची लादी. दर मजल्यावरच्या दाराच्या जाळीत उगवत्या सूर्याची किरणं. बाहेर गोलाकार गॅलऱ्या, त्यांच्या कठड्यावर आडव्या तीन समांतर सिमेंटच्या रेघा आणि खिडक्यांवर भुवईसारखे पुढे आलेले छज्जे. एका जुन्या सामानवाल्याने कठड्याचा भाव केला. तो माणूस बोटाने सांधा शोधत होता, सांधा सापडेना, आणि त्याने सहज विचारलं, ‘ताई, अशीच जाळी मी चर्चगेटच्या बिल्डिंगीत पाहिली. तिथले लोक विकत नाहीत. तुम्ही कशाला विकताय?’ मी त्याला उत्तर दिलं ते एवढंच, की भाव वाढवून दे.

चर्चगेटचा तो उल्लेख डोक्यात राहिला. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला ज्या इमारती आहेत, त्या याच दशकातल्या, याच धाटणीच्या. सिमेंट नवं होतं, आरसीसीची हिंमत नवी होती आणि बॅकबेच्या भरावावर जे उभं राहत होतं तेच थोड्या स्वस्तात दादर-माटुंग्याला उभं राहत होतं. आणि योगायोग असा की २०१२ सालीच, ज्या वर्षी आम्ही हरकती गोळा करत होतो, ओव्हलच्या त्या रांगेचं नाव समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. ते काम सरकारने आपण होऊन केलं नव्हतं. तिथल्या रहिवाशांच्या संघटना त्यामागे होत्या, वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी प्रस्ताव तयार केला होता. ३० जून २०१८ रोजी बहारीनच्या मनामा शहरात त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि ९४ इमारतींचा तो समूह जागतिक वारसा ठरला. त्या दिवशी वर्तमानपत्रांत जे फोटो आले त्यांतल्या गॅलऱ्या पाहून आमच्या शेजारच्या काकांनी फोन केला: ‘अहो, ही आपलीच की!’ आपली नव्हती. आपली तोवर पाडून झाली होती.

इथे कोणी म्हणेल, त्यांचं ठीक आहे, ते श्रीमंत. अगदी बरोबर, आणि हाच मुद्दा मला टाळता येत नाही. शहर वारसा ठरवतं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ज्यांचं घर सुरक्षित आहे, ज्यांना घराच्या वाढीव चौरस फुटांची निकड नाही, ते रहिवासी ठरवतात. पण म्हणून त्यांनी ठरवलेलं चुकीचं होत नाही. आणि आपण, शिवाजी पार्कचे लोक, स्वतःला गरीब कधीपासून म्हणायला लागलो? हरकतीच्या पत्रात मात्र आम्ही अगदी कनवटीला पै नसल्यासारखे बोललो होतो.

मग मी ते केलं जे पत्र लिहिण्याआधी करायला हवं होतं: नियम वाचला. तिसऱ्या श्रेणीसाठी त्यात काय आहे? बाहेरून आणि आतून बदल सर्वसाधारणपणे चालतील, वापर बदलता येईल, त्याच आवारात जोडबांधकामही करता येईल, फक्त ते आजूबाजूच्या इमारतींशी, विशेषतः उंची आणि दर्शनी भागाच्या बाबतीत, विसंगत नको. इमारत धोकादायक झाली असेल तर पुनर्बांधणीलाही मुभा. तावदानाचा, मंत्रालयाचा कुठे पत्ता नाही. लिफ्टसाठी मागच्या बाजूला विहीर बांधायची परवानगी मिळाली असती की नाही ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण आम्ही विचारलंच नाही.

त्याहून जास्त विचार करायला लावला तो यादीतल्या एका रकान्याने. प्रत्येक नावापुढे काही इंग्रजी अक्षरं असतात. आम्ही ती सरकारी खुणा समजून सोडून दिली होती. ती प्रत्यक्षात ‘का’ या प्रश्नाची उत्तरं आहेत. ए म्हणजे वास्तुकला, इतिहास किंवा संस्कृतीच्या दृष्टीने मोल. सी म्हणजे सामाजिक-आर्थिक इतिहासाशी नातं. डी म्हणजे थोर व्यक्ती किंवा घटना. एच म्हणजे बांधकामाच्या तंत्रातला टप्पा. आणि जी म्हणजे समूह: इमारत एकटी विशेष नसेल, पण ज्या रांगेत ती उभी आहे त्या रांगेला ती हवी आहे. माझं सगळं पत्र ए आणि डी या दोन अक्षरांशी भांडत होतं. आमच्यासारख्या वसाहतींचा प्रश्न मुळात जी चा होता. आमची इमारत साधी आहे, हा मुद्दा मी विरोध म्हणून मांडला आणि तो नियमाला आधीच मान्य होता.

हे कागदावर समजणं आणि डोळ्यांना दिसणं यांत फरक आहे. शिवाजी पार्क आपोआप तसं झालेलं नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दादर-माटुंगा-माहीमच्या वसाहती आखल्या, मधे सुमारे २८ एकरांचं मैदान मोकळं सोडलं. १९२५ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि १९२७ साली, शिवाजी महाराजांच्या जन्माला ३०० वर्षं झाल्याच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. भोवती तीन-चार मजल्यांची घरं, म्हणून मैदानात उभं राहिलं की नारळाच्या आणि पर्जन्यवृक्षांच्या शेंड्यांवर नुसतं आकाश. क्रिकेट, सभा, कट्टा हे सगळं त्या उंचीत बसत होतं. आता आमच्यासारखे टॉवर आले. खालचे तीन-चार मजले पार्किंगचे. रस्त्यावरून चालणाऱ्याला पूर्वी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी आणि पेपर वाचणारे आजोबा दिसत, आता जाळीच्या भिंती आणि गाड्यांच्या मागच्या बाजू दिसतात. कट्ट्यावरून हाक मारली तर आम्हाला ती अकराव्या मजल्यावर ऐकू येत नाही, आणि ऐकू आली तरी खाली येईपर्यंत हाक मारणारा गेलेला असतो. माझ्या घरातून मैदान फार सुंदर दिसतं. मैदानातून माझं घर कसं दिसतं, हा प्रश्न करारात नव्हता.

यादीत गेलं की सगळं गोठतं, हा आमचा दावा तर हाकेच्या अंतरावरच खोटा ठरत होता. महापौर बंगला १९२८ च्या सुमाराचा, वारसा यादीतला. तिथे बाळासाहेब ठाकरे यांचं स्मारक करायचं ठरलं तेव्हा बंगला शाबूत ठेवून नवं बांधकाम बरंचसं जमिनीखाली नेण्यात आलं. ज्यांच्या शब्दावर मुंबई बंद व्हायची, त्यांच्या स्मारकालाही यादीचा मान ठेवून वाट काढता येते. आम्हाला लिफ्टची काढता आली नसती?

आता जिथे माझं मत बदललं नाही ते सांगते. आमच्या शाळेत एक शिक्षिका होत्या, नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या. बीडीडी चाळींनाही वारसा म्हणावं असं तेव्हा बोललं जाई, आणि इतिहास म्हणाल तर तो त्या भिंतींत आमच्या गॅलऱ्यांपेक्षा किती तरी जास्त आहे. १९२० च्या दशकातल्या २०७ चाळी, गिरणी कामगार, आंबेडकरी चळवळ, वरळीतली १९७४ ची दंगल. सी हे अक्षर तर त्यांच्यासाठीच केलेलं. मी उत्साहात त्यांना असं काहीसं बोलले तर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बाई, इतिहास बघायला रविवारी सकाळी या. सात वाजता. आमच्या मजल्याच्या संडासाच्या रांगेत उभं करते तुम्हाला.’ १६० चौरस फुटांची खोली, त्यात तीन पिढ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मला आनंदच झाला. एखादी चाळ संग्रहालय म्हणून राखावी, जरूर राखावी. पण माणसांना इतिहासाच्या पहाऱ्यावर बसवू नये.

आणि माणसाच्या नावाखेरीज आपल्याला इतिहास मोजताच येत नाही, हीसुद्धा एक अडचण आहे. पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तो वाडा आपण ढासळू दिला, दुकानदारांशी वर्षानुवर्षं कोर्टकज्जा चालला आणि शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्री तो पाडला, कशासाठी, तर तिथे त्या शाळेचं स्मारक बांधायला. वाडा मोडकळीला आला होता, मान्य. पण ज्या जिन्याने त्या मुली चढल्या असतील तो जिना पाडायचा आणि त्यांचं स्मारक उभारायचं, हे मला अजून पचलेलं नाही.

यादीत नाव आलं म्हणजे इमारत वाचली, या भाबडेपणाकडेही मी गेलेली नाही. काळा घोड्याला वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन, उभं आहे. सांगाडा लोखंडी, इंग्लंडहून सुटा आणून १८६० च्या दशकात इथे जोडलेला. ७ जुलै १८९६ ला हिंदुस्थानात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला तो तिथेच. दुसरी अ श्रेणी, सगळी अक्षरं पुढे लावावीत असा इतिहास. २००५ साली तिचा काही भाग कोसळून माणूस दगावला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. श्रेणी होती, दुरुस्तीला पैसा नव्हता. मालक, भाडेकरू, मंडळ, समिती यांत खर्च कोणाचा याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

उत्तर माहीतच नाही असंही नाही. न्यूयॉर्कने १९६३ साली पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत पाडू दिली, हळहळली आणि १९६५ मध्ये कायदा केला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर ५५ मजली टॉवर बांधायला रेल्वे कंपनी निघाली तेव्हा शहराने नकार दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९७८ मध्ये हरली. निकालात एक गोष्ट महत्त्वाची ठरली: न बांधलेल्या मजल्यांचा हक्क कंपनी जवळच्या दुसऱ्या जागांवर वापरू शकत होती, म्हणजे तिच्यावर निव्वळ भुर्दंड पडत नव्हता. आपल्याकडे यालाच टीडीआर म्हणतात आणि वारसा इमारतीच्या मालकाला तो देण्याची तरतूद १९९५ च्या नियमापासून आहे. तो विकून येणाऱ्या पैशाला दुरुस्तीची अट घाला, त्यातला वाटा भाडेकरूच्या लिफ्टला, संडासाला, ड्रेनेजला द्या, मग बघा किती हरकती येतात. हे न करता नुसती अक्षरं वाटत सुटलात, तर माझ्यासारख्या चिटणीस बाया पत्रं लिहीतच राहणार, आणि ती चांगली उतरणार.

माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर, आमची रांग यादीत जायला हवी होती. तिची किंमत आम्हाला भरून मिळायला हवी होती, ती मागण्याऐवजी आम्ही रांगच मोडायची परवानगी मागितली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा, विलेपार्ल्याच्या काही गल्ल्या, गिरगावातली खोताची वाडी, इथे अजून काही उरलं आहे. उद्या तुमच्या वॉर्डात अशी यादी लागली तर कोणी आणून दिलेल्या पत्रावर, ते कितीही शुद्ध मराठीत असलं तरी, सही करू नका. वॉर्ड ऑफिसातून यादीची प्रत मागवा, आपल्या इमारतीपुढची अक्षरं वाचा, श्रेणीचा नियम वाचा. मग हरकत असेल तर हरकत लिहा. पण ‘इमारत राखतो, लिफ्टचे आणि दुरुस्तीचे पैसे कुठून येतील ते सांगा’ अशी सूचनाही त्याच अर्जात करता येते. मुदत साधारण महिन्याभराची असते, ती चुकवू नका.